गिल्बर्ट व्हाइट

इंग्लंडच्या दक्षिण भागात हॅम्पशायर परगण्यात सेलबर्न नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे १७२० साली गिल्बर्ट व्हाइट याचा जन्म झाला. ऑक्सफर्ड येथे विद्याभ्यास करून तो धर्मोपदेशक झाला. पण त्याचे मन आपल्या गावातच रमले. कोणते फूल केव्हा उमलले, कोणता पक्षी कोणत्या दिवशी आला, हे तो नित्य टिपून ठेवी.

वटवट्या हा चिमणीहूनही लहान पक्षी तुम्ही पाहिला असेल. त्याच्यासारखेच काही हिरवट-पिवळे पक्षी वसंत ऋतूत सेलबर्नला येत आणि पानांआड किडे टिपीत हिंडत. ते इतके सारखे दिसत की जाणत्यांचाही घोटाळा होई. व्हाइटने डोळ्यांबरोबर कानांचेही साहाय्य घेतले. एक पक्षी तेच दोन सूर पुनःपुन्हा आळवी. दुसऱ्याचे मधुर गाणे वरच्या सुरावरून हळूहळू खाली उतरे. तिसरा मात्र उंच बीच वृक्षांच्या शेंड्यांवर बसून, पंख थरथरवीत नाकतोड्यासारखा आवाज काढी.

हल्लीसारख्या दुर्बिणी त्या काळी नव्हत्या. मारलेल्या पक्ष्यांचे नमुने पाहूनच परीक्षा करावी लागे. व्हाइटने तिघांचे नमुने शेजारी शेजारी ठेवले. सर्वांत लहान पक्ष्याचे पाय काळे, तर इतर दोघांचे फिकट होते. सर्वांत मोठा पक्षी अधिक पिवळा असून त्याच्या पंखांतील पिसांची टोके पांढरी होती. या तीन निरनिराळ्या जाती आहेत, असे त्याने १७६८ साली टॉमस पेनंट या निसर्गशास्त्रज्ञास पत्राने कळविले. पहिल्या पक्ष्यास त्याच्या दोन सुरांवरूनच चिफचॅफ हे नाव पडले आहे.

झुडपांत उंदरासारखा सरपटणारा आणखी एक वटवट्या त्याला ठाऊक होता. त्याचा किरकिर आवाज पक्ष्याचा आहे, असे सांगितले की गावकरी हसत!

हिवाळ्यात पक्षी जातात कोठे, हे कोडे मात्र त्याला पुरते उलगडले नाही. पाकोळ्या इंग्लंडातच कोठे तरी दडून राहत असाव्यात, अशी शंका त्याला अखेरपर्यंत येत असे. जेमतेम दहा ग्रॅम वजनाचा, उतरत्या सुरांचा तो दुसरा वटवट्या सहारा वाळवंट ओलांडून आफ्रिकेत जातो, हे आज आपल्याला माहीत आहे.

व्हाइटची पत्रे १७८९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १७९३ साली सेलबर्न येथेच तो मरण पावला. त्याच्या थडग्यावरील साध्या दगडावर नावाची दोन आद्याक्षरे आणि मृत्यूची तारीख एवढेच कोरलेले आहे.