वसईचा दुभाष्या

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी मालाड स्थानकाच्या पश्चिमेस जो कोणी उभा राहील त्यास दिसेल की, मार्व्याकडे व मढकडे जाणाऱ्या वाहनांत पाय ठेवण्यास जागा नसते. ही गर्दी एरंगळच्या जत्रेची. तेथे समुद्रकाठी सुमारे १५७५ साली बांधलेले संत बोनाव्हेंचरचे देऊळ आहे. देऊळ हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजीत आहो. कारण त्या दिवशी मेणबत्ती लावणाऱ्यांत ख्रिस्ती किती, कोळी किती आणि आमच्यासारखे इतर किती, ह्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. तथापि जत्रेहून परतल्यावर आमचेच काही वाचक असे बोलताना आम्ही ऐकतो की, हा धर्म मूळचा फिरंग्यांचा, तो तोफेबरोबर आला, आणि आता रविवारच्या कपड्यांपुरता उरला. ह्या बोलण्यात काही सत्य आहे व पुष्कळ अज्ञान आहे. दोहोंचाही विचार व्हावा म्हणून आम्ही आज वसईच्या एका पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम सत्याचा भाग. १५३४ साली वसई व साष्टी हे प्रांत गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांच्या हाती गेले. त्यांच्या अमलात येथील देवळे मोडली गेली, आणि बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेण्यात शंकराच्या जागी ख्रिस्ती उपासना सुरू झाली. हे कोणी नाकारू नये. राजदंडाच्या जोरावर धर्म वाढविणे हे कोणत्याही धर्मास भूषणास्पद नाही. परंतु १७३७ ते १७३९ ह्या काळात मराठ्यांनी साष्टी व वसई जिंकल्यावर तो राजदंड नाहीसा झाला, मठवासी पाद्री निघून गेले, मठ ओस पडले, आणि तरीही ओर्लेम, खारोडी, मालवणी, मार्वे येथील शेतकरी व कोळी ख्रिस्तीच राहिले. तो धर्म त्यांनी घरात, शेतात व होडीत सांभाळला. पाखाडीच्या तोंडाशी उभा असलेला क्रूस, ज्यास ते लोक खुरीस म्हणतात, त्याची साक्ष देतो. ह्यांपैकी कित्येक क्रूस १८९६ सालच्या प्लेगनंतर उभारलेले आहेत. ऑक्टोबरात भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आणून आगेरा साजरा होतो, लग्नात उंबराचे पाणी आणतात, आणि घरात बोलणे चालते ते मराठीच्याच एका बोलीत. ज्यांच्या धर्माचे मूळ केवळ तोफेत आहे अशा लोकांची ही लक्षणे नव्हेत.

आता ज्यांचे चरित्र सांगावयाचे ते गोन्सालो गार्सिया. त्यांचा जन्म सुमारे १५५७ साली वसईस झाला. पिता पोर्तुगीज, माता ह्याच प्रांतातली. राज्यकर्त्यांच्या व रयतेच्या मधली अशी जी संतती, तिचे स्थान त्या काळी दोन्हीकडे अवघडच असावयाचे. वसईच्या किल्ल्यात जेझुइट पाद्र्यांची शाळा होती, तेथे मुलाचे शिक्षण झाले. आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्या पंथाच्या एका पाद्र्याबरोबर तो थेट जपानास गेला. आजही ज्या वयाच्या मुलास आपण एकट्याने चर्चगेटपर्यंत पाठविण्यास कचरतो, त्या वयाची ही गोष्ट आहे.

जपानात त्यांनी सुमारे आठ वर्षे जेझुइटांच्या हाताखाली धर्मशिक्षकाचे काम केले. त्यांचे सर्वांत मोठे भांडवल म्हणजे भाषा. जपानी भाषा ते अशी बोलू लागले की लोकांस ते परके वाटत ना. त्यांची इच्छा त्या पंथात रीतसर प्रवेश मिळावा अशी होती. परंतु तो मिळाला नाही. आठ वर्षे घरच्यासारखे राबवून घ्यावे आणि घरात मात्र घेऊ नये, हा अनुभव आपल्या समाजातही कित्येकांस नवा नाही.

ह्यानंतर त्यांनी जे केले ते आमच्या व्यापारी वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे. ते रुसून बसले नाहीत की परत वसईसही आले नाहीत. ते व्यापारात शिरले. चीनच्या किनाऱ्यावरील मकाव बंदरातून रेशीम जपानास जावे आणि तेथून रुपे यावे, हा त्या काळचा पूर्व समुद्रातील मोठा सौदा होता. ज्यास दोन्ही बाजूंची भाषा येते त्यास अशा सौद्यात काय मोल असते, हे पेढीवर बसणाऱ्यास सांगणे नलगे. गार्सिया ह्यांचा व्यापार भरभराटीस आला. पैसा मिळाला, ओळखी वाढल्या, निरनिराळ्या बंदरांत ये-जा सुरू झाली. ह्या मिळकतीत पाप होते असे त्यांनी मानल्याचे दिसत नाही, आणि आम्हीही मानीत नाही. परंतु मनिलास गेले असता त्यांचा संबंध फ्रान्सिस्कन पंथाच्या लोकांशी आला, आणि त्यांनी चालता धंदा सोडून त्या पंथात प्रवेश केला. तोही पाद्री म्हणून नव्हे, तर साधा धर्मबंधू म्हणून. धर्मबंधूस वेदीवर उभे राहून मिसा करण्याचा अधिकार नसतो. स्वयंपाक, झाडलोट, रोग्यांची शुश्रूषा, निरोप पोचविणे ही त्याची कामे. मठातल्या उतरंडीत ही जागा खालची. ती त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत सोडली नाही.

१५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश सुभेदाराने पेद्रो बाप्तिस्ता ह्या फ्रान्सिस्कन पाद्र्यास जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्याजकडे वकील म्हणून पाठविले. बरोबर तीन धर्मबांधव होते, त्यांत गार्सिया एक. वकील बाप्तिस्ता खरे, पण वकिलाची जीभ गार्सियांची. ज्याने १५८७ सालीच पाद्र्यांस देश सोडण्याचा हुकूम काढला होता, ज्याचे सैन्य त्या वेळी कोरियावर चालून गेले होते, आणि जो स्पेनच्या मुलखाकडून खंडणीची अपेक्षा करीत होता, अशा मनुष्यापुढे प्रत्येक शब्द तोलून उलटावयाचा होता. शब्द चुकला तर सर्वांचीच मान जावयाची. ते काम गार्सियांनी असे बजावले की मंडळीस राहण्याची परवानगी मिळाली आणि पुढे क्योतो नगरात जागाही मिळाली.

क्योतोत त्यांनी चर्च बांधले, हे इतिहास सांगतो. परंतु आमच्या मते अधिक महत्त्वाची गोष्ट ही की, त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय काढले. ज्यांस घरच्यांनी टाकले त्यांच्या जखमा धुण्याचे काम वसईचा हा माजी व्यापारी करू लागला. भाषेचा उपयोग दरबारात जितका, तितकाच तो आता खाटेजवळही होऊ लागला. ख्रिस्ताचे नाव घेणारे पुष्कळ आहेत. परंतु ते नाव कुष्ठाच्या पट्टीइतके हाताशी ठेवणारे थोडे, असे आम्हांस वाटते. आमच्या पंढरीच्या परंपरेतही कांद्याच्या मळ्यात विठाई पाहणारा एक सावता माळी होऊन गेला, म्हणून ही रीत आम्हांस परकी वाटण्याचे कारण नाही.

एक दोष मात्र आम्ही झाकून ठेवणार नाही. जेझुइट लोक १५८७च्या हुकुमानंतर सावधपणे वागत होते; फ्रान्सिस्कनांनी उघड उपदेश व उपासना चालू ठेवली. ह्यावरून दोन्ही पंथांत वाद माजला. एकाच देवाचे सेवक परक्या देशात एकमेकांविरुद्ध तक्रारी लिहू लागले म्हणजे शत्रूस वेगळे काही करावे लागत नाही.

ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचे मालाने भरलेले स्पॅनिश गलबत तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागून फुटले. माल जप्त झाला. त्या गलबतावरील सुकाणूदाराने स्पेनच्या राजाची बढाई मारताना, आधी पाद्री जातात आणि मागून सैन्य येते असे सांगितले, अशी वार्ता हिदेयोशीच्या कानी गेली म्हणतात. ती बढाई खरी की रचलेली, ह्याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. पण संशय पेटावयास ती पुरेशी झाली. आणि येथे आम्हांस थांबून विचार करावासा वाटतो. तो संशय निखालस खोटा होता काय? गार्सिया ज्या वसईत जन्मले तेथे पाद्री व तोफ ह्यांची सोबत लोकांनी पाहिली होती. हिदेयोशीस साष्टीची हकीकत ठाऊक असती तर त्याचा संशय दुणावलाच असता. म्हणजे साम्राज्याने केलेल्या कर्मांची शिक्षा अशा मनुष्यास भोगावी लागली, ज्याच्या हाती ना तोफ होती ना अधिकार. होते ते फक्त औषधाचे भांडे. राज्याच्या आश्रयाने धर्म वाढवू पाहणाऱ्या सर्वच पक्षांनी, त्यात आमचेही आले, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. राजाश्रयाची किंमत शेवटी तोच देतो ज्याने तो कधी मागितला नाही.

डिसेंबरात क्योतोच्या मठावर पहारा बसला. जानेवारी १५९७ मध्ये चोवीस कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला, गाड्यांतून त्यांची नगरात धिंड काढण्यात आली, आणि मग ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत सुमारे महिनाभर त्यांस चालविले. ह्या मंडळीत कोण होते ते पाहण्यासारखे आहे. पाद्री व मठवासी थोडेच. बहुतेक जपानी गृहस्थ व त्यांची मुले. एक धनुष्ये करणारा कारागीर व त्याचा मुलगा होता. एक रुग्णालयातला आचारी होता. मथियास नावाच्या एकास पकडावयास शिपाई आले तेव्हा तो घरी नव्हता. शेजारचा दुसरा मथियास आपण होऊन पुढे आला. सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा. वाटेत कैद्यांची सेवा करीत दोन माणसे मागोमाग चालली होती, त्यांतला एक सुतार. पहारेकऱ्यांनी त्या दोघांसही कैद्यांत ढकलले, आणि चोवीसांचे सव्वीस झाले. आचारी, सुतार, धनुष्यवाला, दुभाष्या: ही सेना पाहून साम्राज्ये जिंकली जातील असे कोणास वाटले असेल तर वाटो.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर त्या सव्वीस जणांस क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारण्यात आले. त्या घटकेचे वर्णन चित्रकारांनी पुष्कळ केले आहे, म्हणून आम्ही ते करीत नाही. आमची तक्रार इतकीच की, मूर्तीत व चित्रांत गार्सिया नेहमी क्रुसावरच दिसतात. त्यांची चाळीस वर्षे त्या एका सकाळीने झाकून टाकली. पेढीवर हिशेब करणारे, दरबारात शब्द तोलणारे, किंवा रोग्याच्या पायाशी बसलेले गार्सिया कोणी रंगविलेले आमच्या पाहण्यात नाहीत. आणि मार्व्याच्या कोळ्यास अथवा मालाडच्या दुकानदारास जो गार्सिया उपयोगी तो हाच आहे. हुतात्मा होण्याचा प्रसंग लाखात एकास येतो. गिऱ्हाइकाशी, चाकराशी, शेजाऱ्याशी बोलण्याचा प्रसंग रोज येतो.

१६२७ साली रोमच्या धर्मपीठाने त्यांस धन्य व ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस ह्यांनी संत ठरविले. भारतात जन्मलेल्यांत हा मान प्रथम त्यांस मिळाला. वसईनजीक गास येथील चर्च त्यांच्या नावाचे आहे. निशिझाका टेकडीवर १९६२ साली, संतपदाच्या घोषणेस शंभर वर्षे झाली तेव्हा, ह्या सव्वीस जणांचे स्मारक उभारण्यात आले. तेथे धातूच्या सव्वीस आकृती एका ओळीत उभ्या आहेत. धनुष्य करणारा, आचारी, सुतार, बारा वर्षांचा मुलगा, आणि त्यांच्यात एक वसईचा.