सयाजीराव महाराज आणि जुन्या इंग्रजीतले शब्द

इंग्रजीच्या तासाला एखादा जुनाट शब्द आला की आपण कोशात त्याचा अर्थ पाहतो, वहीत उतरवून घेतो आणि परीक्षा संपली की विसरून जातो. पण एका गावात असल्या शब्दांच्या अर्थावर राजाची गादी अवलंबून असे. ते गाव म्हणजे बडोदे आणि ज्यांच्याविषयी मी लिहीत आहे ते राजे म्हणजे श्रीमंत सयाजीराव गायकवाड, तिसरे. त्यांच्या सुधारणांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे मी त्यांच्या चरित्रातला एकच धागा घेतो.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी ११ मार्च १८६३ रोजी त्यांचा जन्म झाला. नाव गोपाळ, घर शेतकऱ्याचे. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नाही. तिकडे बडोद्यात मल्हारराव महाराजांवर रेसिडेन्ट कर्नल फेअर यांना विष घालण्याच्या प्रयत्नाचा आरोप आला. रेसिडेन्ट या शब्दाचा साधा अर्थ राहणारा; संस्थानी इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ राजावर नजर ठेवणारा असा होता. चौकशी मंडळात तीन इंग्रज एका बाजूला आणि तीन हिंदी सभासद दुसऱ्या बाजूला पडले. आरोप सिद्ध झाला असे म्हणता येईना. तेव्हा सरकारने शब्द बदलला. विषप्रयोग बाजूला ठेवून गैरकारभार हे कारण दिले आणि एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढले. पुढच्याच महिन्यात, २७ मे रोजी, खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंनी गोपाळास दत्तक घेतले.

इतिहासाची पुस्तके पुढचा भाग भराभर सांगतात. मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. बारा वर्षांच्या त्या मुलाला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा एकदमच शिकाव्या लागल्या. शिक्षक होते एलियट साहेब. आपण पोरवयात नकळत भाषा उचलतो. ह्या मुलाने एकेक शब्द कष्टाने कमावला. दिवाण सर टी. माधवराव यांनी १८८१ मध्ये त्यांना राज्यकारभारावर इंग्रजीतून व्याख्याने दिली. ती पुढे मायनर हिंट्स या नावाने छापली गेली. मायनर म्हणजे किरकोळ, आणि कायद्याच्या भाषेत मायनर म्हणजे अज्ञान, वयात न आलेला. मला त्या नावात दोन्ही अर्थ दिसतात. त्याच वर्षी २८ डिसेंबरला महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले.

अधिकार मिळाले म्हणजे काय मिळाले? इंग्रजांच्या लेखी ते किंग नव्हते, प्रिन्स होते. मॅजेस्टी नव्हते, हायनेस होते. राज्याला फ्यूडेटरी म्हणत, म्हणजे मांडलिक. इंग्रजांच्या वरचढ सत्तेला पॅरामाउंटसी म्हणत. हा शब्द नॉर्मन राजांबरोबर इंग्लंडात गेलेल्या फ्रेंचमधला. मूळ अर्थ नुसता वरचा. युरोपातली सरंजामशाही मोडून गेली, तिचे शब्द मात्र हिंदुस्थानात कामाला लावले गेले.

१९११ च्या दिल्ली दरबारात ह्यातलाच होमेज हा शब्द महाराजांच्या वाट्याला आला. होमेज म्हणजे मुजरा असे आपण लिहून मोकळे होतो. मुळात सरदार आपल्या धन्यापुढे गुडघे टेकून मी तुमचा माणूस झालो असे कबूल करी, त्या विधीचे हे नाव. फ्रेंचमधल्या माणूस या अर्थाच्या शब्दापासूनच ते आले. १२ डिसेंबरला पंचम जॉर्ज बादशहापुढे महाराज एकदाच वाकले आणि मागे सरकत न जाता पाठ फिरवून निघाले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी गहजब केला. अखेर व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांना दिलगिरीचे पत्र धाडावे लागले. ते मुद्दाम केले की गोंधळाने झाले, यावर अजून वाद चालतो. होमेजचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता, हे मात्र मी मानणार नाही.

घरच्या कारभारात त्यांनी उलट वाट धरली. बडोद्यात कलेक्टर नव्हता, सुभा होता. तालुक्याला वहिवाटदार होता, शिक्षणखात्याला विद्याधिकारी होता, न्यायकचेरीच्या इमारतीचे नाव न्यायमंदिर होते आणि गॅझेटचे नाव आज्ञापत्रिका होते. राजा मराठी, रयत बहुतेक गुजराती, जुने दप्तर मोडीत, कचेरीतले शब्द फारसी आणि रेसिडेन्टशी पत्रव्यवहार इंग्रजीत! दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्या वाचकांना ही ओढाताण वेगळी समजावून सांगायला नको. १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, तेव्हा शिकलेल्या रयतेला कचेरीचा कागद कळलाच पाहिजे, हे ओघाने आले.

ह्यातून १९३१ मध्ये श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू हा कोश निघाला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द त्यात दिले आहेत. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला, तेव्हा दूर सारायची भाषा फारसी होती. येथे इंग्रजीपुढे फारसीलाही मानाने बसवले आहे, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. मॉर्टगेज शब्दाच्या पोटात मेलेले तारण असा अर्थ आहे, हे इंग्रज कुळालाही सांगता आले नसते; आपल्या कुळाला गहाण म्हटले की पुरे. मात्र सगळेच शब्द इतके सोपे मिळत नाहीत. संस्कृतातून घडवलेला शब्द पुष्कळदा इंग्रजीइतकाच अनोळखी राहतो आणि कोश केल्याने तो तोंडी बसत नाही. वहिवाटदार बसला, कारण तो लोकांत आधीच होता.

पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, महाराज कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. बाराव्या वर्षापर्यंत लिहिता न येणारा मुलगा त्या आसनावर बसला, हे आमच्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी सांगतो. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पॅरामाउंटसी हा शब्द १५ ऑगस्ट १९४७ रोजी कायद्यानेच निकालात निघाला. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि सुभ्याच्या जागी कलेक्टर आला.