ओगोनींचे सारो-विवा आणि बांजुलचा निकाल

आफ्रिका म्हटले की आमच्या कार्यकर्त्यांना मंडेला आठवतात. नायजेरियाचे केन सारो-विवा किती जणांना ठाऊक आहेत?

१९४१ साली बोरी गावात त्यांचा जन्म झाला. इबादान विद्यापीठात शिक्षण झाले. बियाफ्राच्या युद्धात ते केंद्र सरकारच्या बाजूने उभे राहिले. फुटून निघालेल्या बियाफ्रात बहुसंख्य इग्बोंपुढे ओगोनींसारख्या लहान जमातीला कोण विचारणार, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता. पण केंद्रानेही ओगोनींच्या पदरात काय टाकले? पुढे ते प्रांताचे मंत्री झाले, १९७३ साली बडतर्फ झाले. मग व्यापार केला, कादंबऱ्या लिहिल्या, 'बासी अँड कंपनी' ही त्यांची दूरदर्शन मालिका देशभर गाजली. पैसा होता, नाव होते. स्वस्थ बसता आले असते!

ओगोनी जेमतेम पाच लाख, शेती आणि मासेमारीवर जगणारे. १९५८ साली त्यांच्या जमिनीत तेल सापडले. शेल कंपनी आणि सरकार गब्बर झाले. ओगोनींच्या वाट्याला आली तेलाने माखलेली शेते आणि गावांशेजारी रात्रंदिवस जळणारा वायू. १९९० साली सारो-विवा आणि सहकाऱ्यांनी ओगोनींच्या हक्कांचा जाहीरनामा लष्करी सरकारपुढे ठेवला. सरकारने दाद दिली नाही. ४ जानेवारी १९९३ रोजी सुमारे तीन लाख ओगोनी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी शेलने ओगोनी भागातून काढता पाय घेतला आणि लष्कर आत शिरले.

मे १९९४ मध्ये जमावाने चार ओगोनी पुढाऱ्यांची हत्या केली. त्या दिवशी लष्करानेच सारो-विवांना त्या सभेकडे जाऊ दिले नव्हते. तरीही चिथावणीचा आरोप त्यांच्यावर! खास न्यायाधिकरण नेमले गेले, अपिलाची सोय ठेवली नाही.

इथे संघटनांनी जे केले, ते आमच्या चळवळीने नीट पाहावे. आफ्रिकी राष्ट्रांनी मिळून केलेल्या मानवी हक्कांच्या सनदेवर एक आयोग आहे, गांबियातल्या बांजुलला. संघटनांनाही तिथे तक्रार करता येते. लेखकांच्या 'पेन' संघटनेने आणि नायजेरियातल्या हक्क संघटनांनी या आयोगाकडे धाव घेतली. आयोगाने फाशी थांबवण्यास कळवले. सानी अबाचाच्या राजवटीने ते पत्र धाब्यावर बसवले आणि १० नोव्हेंबर १९९५ रोजी नऊ जणांना फासावर चढवले. सनदभंग झाला, हे आयोगाने १९९८ साली नोंदवले. तोवर तीन वर्षे उलटली होती.

पण संघटना थांबल्या नाहीत. १९९६ साली लागोसच्या 'सेराक'ने न्यूयॉर्कच्या एका संस्थेसह ओगोनींच्या जमिनीची, पाण्याची, अन्नाची तक्रार बांजुललाच नेली. लष्करशाही गेल्यावर आलेल्या सरकारने आयोगापुढे अत्याचार झाल्याचे मान्य केले. ऑक्टोबर २००१ मध्ये निकाल लागला : नायजेरिया दोषी. जगण्याचा, निरोगी परिसराचा, निवाऱ्याचा, अन्नाचा हक्क मोडला. सफाई करा, भरपाई द्या. आफ्रिकेतल्या कितीतरी खटल्यांत या निकालाचा आधार पुढे घेतला गेला.

अंमलबजावणी? आयोगाच्या हाती ना पोलीस, ना तिजोरी. २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाला ओगोनींच्या एका वस्तीतील विहिरींच्या पाण्यात बेंझीन हे विषारी रसायन आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या नऊशे पटींहून जास्त आढळले.

जून २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष टिनुबूंनी या नऊ जणांना मरणोत्तर माफी जाहीर केली. माफी दोषी माणसाला देतात, आम्हाला निर्दोषत्वाचा निवाडा हवा, असे चळवळीतल्या लोकांनी लगेच सुनावले.