तंजावरचे सरफोजीराजे आणि त्यांची सदर

लग्नसराईच्या दिवसांत नारायणगुड्याच्या रस्त्याने वरात जाऊ लागली की वर्गातील मुलांचे लक्ष फळ्यावरून उडते. ढोलांचा गजर लांबूनच कळतो. पण वरात जवळ आली म्हणजे त्या गजरावर तरंगणारा एक निमुळता, किंचित अनुनासिक सूर निराळा ऐकू येतो. तो क्लॅरिनेटचा. आमची घरची बोली कोंकणी. गोव्याकडच्या फेस्तांत वाजणाऱ्या बँडांतही हेच वाद्य असते, त्यामुळे त्याची ओळख आम्हास लहानपणापासूनची. परंतु या विलायती वाद्यास दक्षिण हिंदुस्थानच्या दरबारी नृत्यात मानाची जागा मिळाली ती एका मराठी राजाच्या घरी, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. त्या राजाचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर येथे भोसल्यांचे राज्य स्थापिले. भोवताली तमिळ भाषा, दरबारात तेलुगू व संस्कृत यांची प्रतिष्ठा, आणि राजघराण्याची बोली मराठी, असा तेथील संसार होता. आपण हैदराबादची मराठी माणसे. आपल्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी तेथे मराठी नाटके लिहिली, तेव्हा सांगलीस विष्णुदास भावे यांचा नाट्यप्रयोग होण्यास दीडशे वर्षांचा अवकाश होता.

याच घराण्याच्या एका शाखेत २४ सप्टेंबर १७७७ रोजी सरफोजींचा जन्म झाला. तुळजाजीराजांस वारस उरला नव्हता. त्यांनी १७८७ साली या दहा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले आणि त्याच वर्षी ते निवर्तले. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग यांनी दत्तकविधानच अमान्य ठरवून गादी घेतली, आणि दत्तक कुमाराचे दिवस राजवाड्यातच कोंडलेल्या अवस्थेत जाऊ लागले. श्वार्ट्झ नावाचा एक वृद्ध जर्मन पाद्री तुळजाजींच्या विश्वासातला होता. त्याने या मुलाचा पक्ष घेतला, कंपनी सरकारकडे खटपट केली आणि १७९३ साली तुळजाजींच्या राण्यांसह त्यास मद्रासेस हलविले. तेथे सरफोजींचे इंग्रजी शिक्षण झाले. पाद्र्याच्या हाताखाली वाढूनही ते आपल्या धर्माचरणात अखेरपर्यंत दृढ राहिले, आणि आपल्या गुरूस मात्र जन्मभर पित्यासमान मानीत आले. श्वार्ट्झ फेब्रुवारी १७९८ मध्ये वारला. शिष्यास गादीवर बसलेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. त्याच वर्षीच्या जून महिन्यात सरफोजी राजे झाले.

राजे झाले खरे, पण किती दिवस? २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने त्यांनी राज्याचा सर्व कारभार कंपनीच्या हवाली केला. त्यांच्याकडे उरला तो तंजावरचा किल्ला, वार्षिक एक लाख होनांची नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. बाविसाव्या वर्षी ज्या राजाजवळ लढण्यास फौज नाही व न्याय करण्यास मुलूख नाही, त्याने करावे तरी काय? अशा स्थितीतील अनेक राजांनी चैन आणि कर्ज यांत आयुष्य घालविले. सरफोजींनी तहावर सही केली याबद्दल त्यांना दोष देणारे आहेत. कंपनीनेच गादीवर बसविलेल्या तरुणास दुसरा मार्ग होता, असे आम्हास वाटत नाही. त्यांची परीक्षा पुढील तेहतीस वर्षांवरून करावी.

त्या वर्षांत त्यांनी किल्ल्याच्या आत एक निराळेच राज्य उभारले. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी घातलेली भर, धन्वंतरी महालातील औषधांचे संशोधन, राजवाड्यातील देवनागरी छापखाना यांविषयी पाठ्यपुस्तकांत थोडेबहुत येते. भोसले घराण्याचा इतिहास त्यांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. आजही तो तेथे उभा राहून वाचता येतो. हे सर्व थोडक्यात आटोपून आम्ही त्यांच्या संगीताकडे वळतो, कारण त्याविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते.

युरोपात एक प्रथा आहे. बासरी, ओबो, क्लॅरिनेट आणि बसून अशी फुंकून वाजविण्याची चार वाद्ये घेऊन चार वादक एका दालनात बसतात व थोड्या श्रोत्यांसमोर वाजवितात. रणवाद्यांप्रमाणे त्यांस मैदान लागत नाही. जवळ बसून ऐकण्याचे ते संगीत. तंजावरासही असेच दालनातले नृत्यगायन होते व त्याचे नाव सदिर. हा शब्द आपल्या सदर या शब्दावरून आला असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. नर्तकीच्या मागे नट्टुवनार, म्हणजे नृत्यगुरू, झांजा घेऊन उभा. शेजारी मृदंग, एक अखंड सूर धरणारा, आणि गाण्याच्या मागोमाग जाणारे मुखवीणा हे आखूड, सनईच्या जातीचे वाद्य. सारा मेळा उभ्याने वाजवीत नर्तकीबरोबर पुढेमागे सरकत असे.

सरफोजींनी पाश्चात्त्य वाद्ये मागविली, त्यांचे छापील स्वरलेख जमविले आणि राजवाड्यात इंग्रजी धर्तीचा बँड ठेविला. स्वतः त्यांनी त्या बँडासाठी रचना केल्या. त्यांची हस्तलिखिते सरस्वती महालात आहेत. आता, साहेबाची नक्कल म्हणून बँड ठेवणारे राजे हिंदुस्थानात पुढे उदंड झाले. तंजावरची गोष्ट वेगळी झाली ती येथे, की बँडातील वाद्ये बँडापुरती राहिली नाहीत. क्लॅरिनेट राजवाड्याच्या अंगणातून उठून सदरेवर आले आणि मुखवीणेच्या जागी उभे राहिले. हा बदल करण्याचे श्रेय परंपरा महादेव नट्टुवनार यांना देते. मुखवीणेस दोन पात्या, क्लॅरिनेटास एकच. परंतु त्याचा आवाका मोठा, खर्जात भरदार आणि तारेत तीक्ष्ण. युरोपी कारागिराने ठरलेल्या स्वरांसाठी केलेल्या त्या वाद्यावर ओठांच्या व बोटांच्या दाबाने गमक काढण्याची विद्या तमिळ वादकांनी साधली. ही विद्या कोणत्याही विलायती पुस्तकात नव्हती.

त्या सदरेवर काय नाचले जाई, हेही ऐकण्याजोगे आहे. सरफोजींच्या नावे असलेली मराठी निरूपणे उपलब्ध आहेत. एकेका निरूपणात एकच कथा, आणि वर्ण, पद, तिल्लाना असे अठरा प्रकार क्रमाने गुंफलेले. तमिळ नर्तकी मराठी शब्दांवर अभिनय करीत! त्यांच्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चार भावांची चौकडी वाढली. आज भरतनाट्यमचा जो क्रम आपण पाहतो, अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत, तो त्यांनी बसविला. धाकटे वडिवेलु पुढे त्रावणकोरास स्वाती तिरुनाळ महाराजांकडे गेले व तेथे त्यांनी व्हायोलिन रूढ केले. वडिवेलु हे वाद्य श्वार्ट्झकडून शिकले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. विद्यार्थ्यांनी सन तपासावेत: वडिवेलूंचा जन्म १८१० चा, आणि श्वार्ट्झच्या निधनाचे वर्ष वर आलेच आहे.

१८२० ते १८२२ या काळात महाराजांनी मोठ्या परिवारासह काशीयात्रा केली. मार्च १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरास आला, तेव्हा युरोपी रसायनशास्त्र व प्राणिशास्त्र यांतील ग्रंथकारांविषयी हा राजा सहज बोलतो, हे पाहून तो चकित झाला. ७ मार्च १८३२ रोजी सरफोजींचे देहावसान झाले.

पुत्र शिवाजीराजे यांच्या पश्चात, १८५५ साली, कंपनीने ती नावापुरती गादीही खालसा केली. आश्रय तुटलेले नर्तकी व वादक मद्रासेकडे पांगले, आणि क्लॅरिनेट त्यांच्याबरोबर गेले. पुढे शंभर वर्षांच्या आत नर्तकींच्या घराण्यांकडूनच ही कला काढून घेतल्यासारखी झाली. त्यांच्यावर समाजाने ठेवलेला कलंक आम्हास आजही अन्यायाचा वाटतो. १९३६ नंतर कलाक्षेत्रासारख्या संस्थांतून नृत्य नव्या रूपाने रंगमंचावर आले, मागे उभा राहणारा मेळा बाजूस बसविण्यात आला, आणि क्लॅरिनेटाची जागा हळूहळू बासरीने घेतली. गावोगावच्या वरातींत मात्र ते राहिले.

तंजावरच्या राजवाड्यात शिल्पकार चँट्री याने घडविलेला सरफोजींचा संगमरवरी पुतळा आहे. डोक्यावर टोकदार टोपी, दोन्ही हात जोडलेले. तेथून जवळच सरस्वती महाल. १९१८ पासून तो सर्वांस खुला आहे. मोडी दफ्तरांचे गठ्ठे, मराठी निरूपणे आणि त्या बँडाचे स्वरलेख तेथे एकाच छताखाली आहेत.