घाटावरच्या पावसातून गिरण्यांना वीज : जमशेटजी टाटांचं अपुरं राहिलेलं स्वप्न

जमशेटजी टाटा म्हटलं की पोलाद आणि ताजमहाल हॉटेल आठवतं. पण पावसाच्या पाण्यापासून वीज करायची, हाही त्यांचाच ध्यास होता, हे फार थोड्यांना माहीत आहे.

३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधल्या नवसारीत पारशी पुरोहितांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील नसरवानजी मुंबईत व्यापार करायचे. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून जमशेटजीही धंद्यात उतरले. १८७७ मध्ये त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस पिकतो तिथंच गिरणी हवी, असा साधा हिशेब होता.

त्या काळी मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालायच्या. कोळसा लांबून आणावा लागे, तो महाग पडे आणि धुरानं शहर काळवंडून जाई. दुसरीकडे लोणावळ्याच्या डोंगरावर धो-धो पाऊस पडून पाणी वाहून जात होतं. ते तलावात अडवायचं, नळातून घाटाखाली सोडायचं आणि त्याच्या जोरावर चक्र फिरवून वीज करायची, ही कल्पना त्यांनी उचलून धरली.

खरी मेख होती साठवणीत. पाऊस चार महिने, गिरणी बारा महिने. पाणी साठवलं नाही तर दिवाळीनंतर वीज कुठली? म्हणून तलाव मोठे हवे होते.

पण ते बघायला जमशेटजी राहिले नाहीत. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचं निधन झालं. मुलगा दोराबजी यांनी काम पुढं नेलं. १९१० मध्ये कंपनी उभी राहिली आणि १९१५ मध्ये खोपोलीतून मुंबईला वीज मिळू लागली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचं पाणी ५०० मीटरहून जास्त उंचीवरून खाली येत होतं.

या विजेला दुसरी बाजूही आहे. पुढं मुळशी धरणात शेतकऱ्यांची जमीन गेली. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालंच. उजेड शहराला गेला, घरदार गावानं सोडलं. स्वच्छ विजेचा हिशेब मांडताना ही बाजू विसरून चालत नाही.

आज शिवारात सौर पंप आलेत. ऊन आहे तोवर पाणी, सूर्य मावळला की पंप बंद. अडचण तीच, साठवणीची. त्याच मुळशीच्या पाण्यावर चालणाऱ्या भिरा केंद्रात आता विजेला मागणी कमी असताना खालचं पाणी परत वर चढवतात आणि गरज पडली की सोडून वीज करतात. जमशेटजींना जे कळलं होतं ते आजही खरं आहे. वीज निर्माण करणं हे अर्धंच काम. ती हवी तेव्हा मिळाली पाहिजे, आणि तिच्यासाठी ज्यांची जमीन जाते त्यांच्या घरातही दिवा लागला पाहिजे.