टकटक ऐकणारा कारागीर

अमरावती-अकोला रस्त्यावर ज्यांनी जुनी फियाट चालवली आहे, त्यांना टॅपेटची टकटक म्हणजे काय, हे सांगायला नको. आमच्या एका नातलगांनी अशा गाडीचे इंजिन मोठ्या हौसेने पुन्हा बांधून घेतले. बडनेरा मागे पडले, मूर्तिजापूर आले आणि टकटक सुरू झाली. हेडवरचे झाकण उघडले तर रॉकर झिजलेले, पुशरॉडची टोके खाल्लेली. सगळे नवे घातले. महिनाभरात पुन्हा तेच! तिसऱ्या खेपेला अकोल्याच्या एका वयस्कर मिस्त्रींनी नवे सामान आणूच दिले नाही. झाकण काढून त्यांनी इंजिन मंद चालू ठेवले आणि नुसते पाहत राहिले. रॉकरच्या दांड्यापर्यंत ऑइल चढतच नव्हते. इंजिन बांधताना लावलेल्या चिकट लुकणाचा तुकडा ऑइलच्या बारीक वाटेत अडकला होता. रॉकर बिचारे शिक्षा भोगत होते. गुन्हा दुसरीकडेच होता.

अशी नजर ज्याने आयुष्यभर जपली, त्या माणसाचे नाव हेन्री रॉईस. रोल्स-रॉईस म्हटले की आपल्याला राजेमहाराजे आठवतात. पण या नावातला दुसरा माणूस धंदा बुडालेल्या एका गिरणीवाल्याचा मुलगा होता.

हेन्रीचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी इंग्लंडमधल्या ऑल्वॉल्टन या खेड्यात झाला. १८७२ साली वडील वारले, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. लंडनच्या रस्त्यांवर त्याने वर्तमानपत्रे विकली, घरोघर तारा पोचवल्या. शाळा जेमतेमच झाली. १८७८ साली एका नातलग स्त्रीच्या मदतीने तो रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. तीन वर्षांत तिचेही पैसे संपले. मग मिळेल ते काम करीत, रात्री अभ्यास करीत त्याने १८८४ मध्ये मँचेस्टरला मित्राच्या भागीदारीत छोटा कारखाना काढला. स्वतःचे भांडवल अवघे वीस पौंड! विजेच्या घंटा, डायनामो आणि पुढे क्रेन तिथे बनू लागल्या.

चाळिशीच्या उंबरठ्यावर रॉईस यांनी एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली. तिच्यावर त्यांचे समाधान होईना. दुसरा कोणी असता तर त्याने ती विकून टाकली असती. यांनी ती उघडली. एकेक भाग तपासून, तो असाच का केला असावा आणि याहून चांगला कसा करता येईल, याचा विचार केला. त्यातून त्यांची स्वतःची पहिली मोटार तयार झाली आणि १ एप्रिल १९०४ रोजी रस्त्यावर धावली. त्याच वर्षी ४ मे रोजी मँचेस्टरच्या एका हॉटेलात चार्ल्स रोल्स या उमरावपुत्राशी त्यांची गाठ पडली. गाडी पाहताच रोल्स यांनी तिच्या विक्रीची जबाबदारी उचलली.

१९०७ साली त्यांच्या नव्या सहा सिलिंडरच्या मोटारीने सुमारे २४ हजार किलोमीटरची परीक्षा दिली. ती पार पडल्यावर गाडी पूर्ण सोडवून प्रत्येक भागाची झीज मोजण्यात आली. दुरुस्तीचा खर्च निघाला दोन पौंडांहून थोडासा अधिक. पुढच्याच वर्षी तशीच एक गाडी मुंबई-कोल्हापूर स्पर्धेत आपल्या घाटांतून धावली आणि जिंकली.

इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटात दीड हजार वेळा उघडतो आणि मिटतो. धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह तर आगीतच उभा असतो. शर्यतीच्या विमानासाठी रॉईस यांच्या कंपनीने बांधलेल्या इंजिनात हे व्हॉल्व्ह जळत, कनेक्टिंग रॉड मोडत. रीत एकच होती: इंजिन मोडेपर्यंत चालवायचे, मोडले ते का मोडले हे शोधायचे, सुधारायचे आणि पुन्हा चालवायचे. १९३१ साली त्यात पोकळ दांड्याचे, आत सोडियम भरलेले व्हॉल्व्ह घातले. मूळ युक्ती सॅम हेरन या अभियंत्याची. सोडियम वितळून आत हिंदकळतो आणि तापलेल्या डोक्याची उष्णता दांड्यावाटे बाहेर नेतो. त्याच सप्टेंबरात या इंजिनाच्या जोरावर विमानाने ताशी ६५५ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला.

पण या कारागिराच्या आयुष्यात एक चुटपूट लावणारी गोष्ट आहे. इंजिनातली बारीकशी कुरकुरही ज्यांना खपत नसे, त्यांनी स्वतःच्या शरीराची कुरकुर वर्षानुवर्षे ऐकलीच नाही. कामापुढे जेवणाची शुद्ध नसे. १९११ साली प्रकृती कोसळली, पुढे मोठी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांना फारशी आशा नव्हती. एका परिचारिकेच्या देखरेखीमुळे ते पुढे वीस वर्षांहून अधिक जगले. पण कारखान्यापासून दूर, समुद्रकाठच्या घरात. तिथूनच ते आराखडे तपासत. त्या विमान-इंजिनाची पहिली रेखाकृती त्यांनी काठीने वाळूत काढली, असे सांगतात. १९३० मध्ये सरदारकी मिळाली, तरी स्वतःला ते मेकॅनिकच म्हणवीत. २२ एप्रिल १९३३ रोजी त्यांचे निधन झाले.

आमच्या नातलगांची फियाट अजून गावात फिरते. अकोल्याच्या त्या मिस्त्रींना रॉईस हे नाव ठाऊक असेल किंवा नसेलही. पण गाडीची असो वा घरातल्या माणसाची, पुन्हा पुन्हा उठणारी टकटक काहीतरी सांगत असते. तिसऱ्यांदा नवे सामान आणण्याआधी क्षणभर थांबून ती ऐकावी, हे दोघांनाही ठाऊक होते.