नारायण मेघाजी लोखंडे

भारतातील कामगार चळवळीचे जनक म्हणून नारायण मेघाजी लोखंडे ओळखले जातात. त्यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातले. घरची गरिबी असल्यामुळे मॅट्रिकनंतर त्यांनी नोकरी धरली. पुढे ते मुंबईतील एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले.

तेथे त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले. सूर्य उगवताना कामगार गिरणीत शिरत आणि मावळल्यावर बाहेर पडत. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. कापूस पिंजण्याच्या खात्यात तर हवेत बारीक तंतू सारखे उडत. केसांवर, भुवयांवर पांढरा थर बसे. तीच हवा छातीत जाई. कामावर लहान मुलेही असत! अशी धूळ वर्षानुवर्षे श्वासाबरोबर आत गेली की छाती आवळते, दम लागतो. या आजाराला आज बिसिनोसिस म्हणतात.

लोखंडे महात्मा फुले यांचे अनुयायी होते. १८८० मध्ये ते 'दीनबंधू' पत्राचे संपादक झाले. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार या त्यांतल्या मागण्या होत्या. आणखीही एक होती. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार द्यावा, आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या पोटाची सोय करावी. मला ही मागणी सर्वांत दूरदृष्टीची वाटते.

१० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. निदान आठवड्यातून एक दिवस कामगारांना धुळीबाहेर श्वास घेता येऊ लागला. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली, तेव्हा लोखंडे यांनी राणीच्या बागेत दोन्ही समाजांच्या कामगारांना एकत्र आणले. पुढे प्लेगच्या साथीत ते रुग्णांची सेवा करीत होते. त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

जखमी कामगारांसाठीची त्यांची मागणी कायद्यात यायला १९२३ साल उजाडले. त्या वर्षी कामगार नुकसानभरपाई कायदा झाला. अपघातांबरोबर कामामुळे होणाऱ्या काही रोगांचीही त्यात यादी होती. पुढे या यादीत बिसिनोसिस आणि ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोगही आला.

यंत्रात बोट तुटले तर ते सगळ्यांना दिसते. धुळीचे तसे नसते. ॲस्बेस्टॉसचे तंतू, दगड-वाळूतील सिलिकाची धूळ, लाकडाचा भुसा यांमुळे कर्करोग होऊ शकतो. बेंझिन या रसायनाच्या वाफेमुळे रक्ताचा कर्करोग होतो. ॲस्बेस्टॉसचा कर्करोग तर वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी दिसतो. तोपर्यंत कामगार निवृत्त झालेला असतो, कधी कारखानाही बंद पडलेला असतो. आपल्या इंदापूर तालुक्यात लोणी देवकरला औद्योगिक वसाहत आहे. तुमच्यापैकी काहींचे अब्बा, चाचा, भाऊ कारखान्यांत जात असतील. कोणत्या खात्यात, किती वर्षे, कोणत्या धुळीत किंवा रसायनात काम केले, याचा कागद त्यांनी जपून ठेवायला हवा. तीस वर्षांनी डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.